इंडियम आढळलं नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दीर-भावजय बसले होते.

"वहिनी, गाल सुजलाय, गप्प बसा."

"कशी बसू, भावजी? खाणीच्या प्रयोगशाळेत केस पांढरे झाले माझे. आणि नवे साहेब मायक्रोस्कोपमधून बघून म्हणतात, या खनिजात इंडियम नाही! मोबाइलच्या पडद्यांना लागणारा इतका महागडा धातू!"

"दिसलं नसेल."

"दिसेल कसं? तांदळातला खडा आहे का तो? जस्ताच्या खनिजात जस्ताचीच जागा धरून बसतो तो धातू. आम्लात विरघळवल्याशिवाय कळत नाही."

"मग विरघळवायचं."

"विरघळवलं! भरपूर निघालं. सांगायला धावले, तर साहेबांनी त्या खनिजाचा अख्खा ढीग टाकाऊ म्हणून गाड्या लावायच्या जागेवर पसरून वर डांबर ओतलेलं!"

"अरे देवा! काय म्हणाले?"

"म्हणाले, अहवाल बदला. डांबराखालचं कुणाला दिसतंय?"