नेरिमान हानमची द्राक्षाची पानं

नाही, पण मी म्हणते, पान गुंडाळायला काय परीक्षा द्यावी लागते? पानच की ते! पण नेरिमान हानम... हानम म्हणजे आपलं बाई हो, इस्तंबूलला आम्ही उतरलो त्या घराची मालकीण... तिचा तोरा असा, जणू द्राक्षाचं पान अल्लाने एकट्या तुर्कांनाच वाटलंय!

तुम्हाला सांगते, इथं कुवेतला रुपया जाऊन दिनार सुरू झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. आपल्या ह्या मिरकाब मोहल्ल्यात भिंतीला हात लावला तरी भाजायचं. माझी शेठाणी उम्म खालिद म्हणाली, "बिल्कीस, यंदा तुर्कस्तान! स्वयंपाकाला तू चल." आणि ही दापोलीची बिल्कीस विमानात बसली! हसू नकोस ताहिरा, डोळे मिटून बसले, पण बसले ना!

गेल्या गेल्या चहा. त्यात दूधच नाही! मग म्हणे आयरान घे, आयरान घे... एवढं कौतुक, तोंडाला लावते तर ताक! आपलं मीठ घातलेलं ताक! मग घोटभर कॉफी. टाकायचं कशाला म्हणून मी तळाचा गाळसुद्धा पिऊन टाकला, तर हानम किंचाळली! त्या गाळात ती माझं भविष्य बघणार होती... आता काय बघणार? माझं नशीब मीच पिऊन बसले!

तेवढ्यावरून हानमने ठरवलं, ही अडाणी. माझ्यादेखत उम्म खालिदला सांगते, मोडक्या अरबीत, नाक वर करून, "ह्या हिंदी बाईला डोलमा तरी येतो? हिला धाडा घरी, माझी भाची न्या कुवेतला!" दोन पोरी माझ्या पगारावर शिकताहेत हो! तोंडातून निघून गेलं, "येतो की! पानच की ते!"

द्राक्षाच्या पानात भात गुंडाळायचा तो डोलमा, आयुष्यात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारा पाहुणे. मी आपली अळूवडीसारखी पानं गच्च आवळली, आत मसाल्याचा अर्धाकच्चा भात. पातेल्यात तांदूळ फुगला आणि एकेक पान फाटलं! हानम दारात उभी, पदर... छे, पदर कुठला, रुमाल तोंडाला लावून हसतेय. रडूच फुटलं मला. पण पाहुणे यायला तीन तास होते, टोपलीत पानं होती. डोळे पुसले. म्हटलं, बिल्कीस, तांदळाला फुगायला जागा दे. पुन्हा बसले. सैल हात, करंगळीएवढी गुंडाळी, वर उलटी बशी दाबून ठेवली... एक फुटेल तर शपथ!

हानमने एक खाल्लं. दुसरं उचललं. तिसरं. चौथ्याला माझे दोन्ही हात धरले न् म्हणाली, "एलिनीझे साऽलिक!" म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो! सगळ्या पाहुण्यांसमोर! भाचीचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या दिवशी मी अशी ताठ चालले, अशी ताठ... अजून मान दुखते!

पण आता? उम्म खालिद गावभर सांगते, "आमच्याकडे तुर्की स्वयंपाकीण आहे!" दर शुक्रवारी साठ माणसं, आणि मी पानं गुंडाळतेय. परवा वैतागले. म्हटलं, आज आमचंच करीन. तांदळाचे घावन केले, नारळाच्या रसात बुडवून दिले. पाहुण्यांनी बोटं चाटली, विचारलं, हे काय? तर उम्म खालिद मला बोलूच देईना... "हे ना? हे खास इस्तंबूलचं!"

मी म्हटलं, हो बाई. इस्तंबूलचंच. आणखी वाढू?