गालावरची रेघ

तुम्हाला सांगतो, सांगलीत मी घरीच डीटीपीचं काम करायचो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सुनंदाचा फोटो स्कॅन करून मी तिच्या लग्नाच्या बायोडेटावर छापला, तर गालावरून काळी रेघ आली. विट्याच्या स्थळानं विचारलं, मुलीला व्रण आहे का?

तिचे वडील सारखे माझ्या दारात. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. स्कॅनरची काच चार वेळा काढली, तेव्हा कुठं आत चिकटलेला केस सापडला.

तेवढ्यात सुनंदा आली आणि हळूच म्हणाली, “दादा, एवढ्यात दुरुस्त करू नगा. मला त्या घरी जायाचं न्हाई.”

संध्याकाळी तिच्या वडिलांनी विचारलं, “झाला का रं स्कॅनर?”

“न्हाई ओ काका. पार्ट पुण्यास्नं यायचाय.”

विट्याच्या मुलाचं दुसरीकडं जमलं, त्यानंतरच तो पार्ट आला.