उपचारांआधीचं माप

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर लाल चामड्याचा हातमोजा होता आणि हातात मेण लावलेल्या दोऱ्याची जाड सुई.

"वहिनी, दादा आत तपासणीला गेलाय आणि तुझं इथेही शिवणकाम चालूच?"

"नातीला शब्द दिलाय ना त्यांनी. वाढदिवसाला आजोबा सुपरहिरो होऊन येणार. एवढा एक हातमोजा राहिलाय."

"बाकीचा सूट झाला?"

"झाला. पण माप घेतलं होतं उपचारांआधी. परवा घालून बघितला, तर अंगावर नुसता लोंबत होता."

"मग उसवून आत घ्यायचास."

"अगं, चामडं आहे ते. आत घ्यायचं तर छातीवरचं चिन्ह उसवून सरकवावं लागलं असतं, आणि सुईची भोकं तशीच राहतात. सगळी छातीवर दिसली असती."

"मग केलंस काय?"

"दुपारी ते झोपले, तेव्हा छातीला आतून कापूस भरला. चांगला दोन बोटं जाड."

"त्याला कळलं तर वाईट वाटेल गं."

"कळलं की. घातल्या घातल्या कळलं. आरशासमोर उभे राहून छाती दाबून बघितली."

"आणि?"

"आणि म्हणाले, दंडांनाच का कंजुषी केलीस?"