तिसऱ्या अंकातले कपडे

एलादियो : ताई, शिवायचं थांबव आधी. मी काय सांगतोय ते कानात तरी जातंय का?

फेलिसा : जातंय. सुई चालली म्हणून कान बंद होत नाहीत माझे. अमेरिकन कॅप्टन येणारेय दुपारच्या खेळाला, एवढंच ना? येऊ दे. तिकीट काढून येणार का फुकट?

एलादियो : चेष्टा नकोय मला. हा कॅप्टन पर्डी शिपाई घेऊन येतोय. कुणीतरी चुगली केलीय की मनिलाच्या तोंडो वस्तीतल्या या नाटकात बंदी घातलेला झेंडा दाखवतात.

फेलिसा : झेंडा? मग शोध की. हा निळा झगा आईचं काम करते तिचा. हा तांबडा घागरा मुलीचा. आणि हा पांढरा तिकोनी रुमाल, धाकट्याच्या खांद्यावरचा. यात झेंडा कुठाय?

एलादियो : रुमालावर सूर्य भरलायस. तीन कोपऱ्यांत तीन तारे. तिसऱ्या अंकात आई पायरीवर चढून हात पसरते, मुलगी तिच्या पुढ्यात बसते, धाकटा बाजूला सरकतो. आंधळ्यालासुद्धा दिसेल, ताई!

फेलिसा : आंधळ्याला दिसतंच. कॅप्टनला दिसतं का, ते बघायचं.

एलादियो : नाही दिसलं तर तो मला विचारेल. दुभाष्या आहे मी त्याचा. शेजारच्या खुर्चीत मलाच बसायचंय.

फेलिसा : अस्सं! म्हणजे काळजी माझी नाही, खुर्चीची आहे.

एलादियो : तुझीच आहे. लढाई संपली असं त्यांनी जाहीर केलंय. आता जो स्वातंत्र्याचं नाव काढेल तो बंडखोरसुद्धा नाही, सरळ दरोडेखोर. आणि ही माणसं पूर्वीची राहिली नाहीत. स्पेनसारखी जुनी सत्ता त्यांनी दोन समुद्रांत बुडवली. युरोपातले राजे आता त्यांचा कल बघून बोलतात. मी रोज त्यांचे कागद वाचतो. त्यांना चीनचा बाजार हवाय, आणि चीनच्या दारातला उंबरा म्हणजे आपण. उंबऱ्याला कुणी विचारतं का, पाय ठेवू का म्हणून?

फेलिसा : ठेच मात्र उंबऱ्याचीच लागते.

एलादियो : शब्दांनी पोट भरत नाही.

फेलिसा : तुझं भरतं की! त्यांचे शब्द इकडे, आपले तिकडे. आणि सत्ता-बित्ता मला शिकवू नकोस. मनिलातल्या स्पॅनिशांना वेढा कुणी घातला होता? तुझ्या दाजींनी. भर पावसात, खंदकात, गुडघाभर चिखलात. आणि शहर पडलं तेव्हा वेशीवर बंदुका धरून कोण उभे राहिले, आपल्याच लोकांना आत येऊ नका म्हणायला? दोस्त म्हणून आले होते ना? मग पॅरिसात बसून स्पेनकडून विकत घेतलं आपल्याला. अरे, डुक्कर विकायचं तर डुकराला निदान बाजारात हजर ठेवतात!

एलादियो : दाजी दोस्तांशी लढतानाच गेले ना? मला आता आणखी कुणाला गमवायचं नाही. एवढंच कर. आजच्या दिवस तो रुमाल बदल. साधा पांढरा दे.

फेलिसा : कापड ओळखलंस हे?

एलादियो : नाही.

फेलिसा : त्यांच्या कफनासाठी आणलं होतं. प्रेत मिळालंच नाही, कापड उरलं. आता बोल. बदलू?

एलादियो : ...बसेन मी त्याच्याशेजारी. जमेल तेवढं झाकेन.

फेलिसा : झाक. पण खोटं बोलताना अडखळू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

(त्याच दुपारी. तिसरा अंक सुरू आहे. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या.)

कॅप्टन : तो म्हातारा एवढा ओरडतोय कशासाठी?

एलादियो : मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटली, साहेब.

कॅप्टन : मघाशी तू म्हणालास, कोंबडा हरवलाय.

एलादियो : तोच कोंबडा मांडवात कापायचा होता, साहेब.

कॅप्टन : हा हा! छान लोक आहात तुम्ही. गा, नाचा, नाटकं करा. आम्ही काही राज्य करायला आलेलो नाही, एलादियो. शिकवायला आलोय. माझ्या बापानं कॅन्ससमध्ये जन्मभर मका पिकवला. समुद्र कसा असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या देशाला तरी कोण विचारत होतं? आणि आज वॉशिंग्टनहून तार सुटली की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आरमार हलतं. घर मोठं झालं की जबाबदारी आलीच.

एलादियो : आम्ही टाकली नव्हती ती तुमच्यावर.

कॅप्टन : काय म्हणालास?

एलादियो : म्हटलं, मका आमच्याकडेही होतो, साहेब.

कॅप्टन : हं. ती निळ्या झग्यातली बाई पायरीवर का चढली? आणि गाणं का थांबलं?

एलादियो : विसरली असेल चाल.

कॅप्टन : खाली तांबडी बसली. तो पोरगा कुठे सरकतोय? आणि हे मागं काय चाललंय? लोक का उठतायत? खेळ संपला?

एलादियो : नाही, साहेब.

कॅप्टन : टोप्या काढल्या सगळ्यांनी! नाटकात मेलं का कुणी? एलादियो, अरे भाषांतर कर!

एलादियो : कुणी बोलतच नाहीये, साहेब. कशाचं करू?

कॅप्टन : थांब. त्या रुमालावर सूर्य आहे. तारे आहेत. निळा वर, तांबडा खाली... कोंबडा म्हणे! सार्जंट, दारं लावा! पडदा पाडा तो! एलादियो, यांना सांग, खाली बसा म्हणावं. मोठ्यानं सांग. आणि तू कशाला उठलास?

एलादियो : कळलं नाही, साहेब. पाय आपोआप उठले.

कॅप्टन : मग बस. आणि त्यांना बसायला सांग.

एलादियो : नाही सांगणार.

कॅप्टन : नाही?

एलादियो : दोन अंक खोटं सांगितलं तुम्हाला, आता खरं ऐका. तो झेंडा आहे. आमचा. कपडे माझ्या सांगण्यावरून शिवलेत. पकडायचं तर मला पकडा.

कॅप्टन : मूर्खा, माझ्या टेबलावर जेवलायस तू. हे बघ, शिपाई अजून मागं आहेत, त्यांनी काही ऐकलेलं नाही. तू खाली बस, मी म्हणेन तू उठलाच नव्हतास. माझ्यासाठी बस.

एलादियो : आता नाही बसता येणार, साहेब.

* * *

फेलिसा : आधी भात खा. सुका मासा आणलाय. दारावरच्या पहारेकऱ्यानं अर्धा मोडून बघितला, आत काही लपवलंय का म्हणून. काटे सापडले त्याला.

एलादियो : तू तुरुंगात कशाला आलीस, ताई? तुझ्यावर संशय आला तर?

फेलिसा : संशय कशाला, मी स्वतःच कचेरीत जाऊन सांगून आले. कपडे मी शिवले, भावाला सोडा म्हटलं.

एलादियो : काय?

फेलिसा : कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, घरी जा. तुझ्या जागी नवा दुभाष्या घेतलाय त्यांनी, उत्तरेतल्या इलोकोस प्रांताकडचा कुणी. बाहेर आल्यावर त्याला गाठलं, म्हटलं काय सांगितलंस रे तू? तर म्हणतो, 'बाई भावासाठी रडतेय, असं सांगितलं.' मी कुठे रडत होते? मी तर भांडत होते!

एलादियो : त्याच्याशी भांडू नकोस. चांगला माणूस दिसतोय.

फेलिसा : कपडे जप्त झाले. पुरावा म्हणून टेबलावर मांडून ठेवलेत. पण मांडलेत कसे? तांबडा वर, निळा खाली. तांबडा वर म्हणजे आपल्यात लढाई सुरू, हे त्यांना कुणी सांगायचं?

एलादियो : हसवू नकोस गं. बरगडीत कळ येते.

फेलिसा : मारलं?

एलादियो : पडलो मी.

फेलिसा : अडखळलास बघ. ...खटला लागला की माफी मागितलीस तर सोडतील म्हणतात. कॅप्टननं तसा निरोप धाडलाय, गुपचूप. तुझ्याबद्दल वाईट वाटतंय त्याला, खोटं कशाला बोलू.

एलादियो : मलाही वाटतं त्याच्याबद्दल. पण माफी मागणार नाही. तू तरी सांगितलं असतंस का, माग म्हणून?

फेलिसा : निरोप द्यायचं काम माझं होतं, दिला. खा तो मासा.

एलादियो : खातो.

फेलिसा : आई विचारत होती. ती समजतेय की तू साहेबाबरोबर दौऱ्यावर गेलायस. काय सांगू तिला?

एलादियो : सांग, नोकरी सुटली.

फेलिसा : कशानं सुटली, विचारेल.

एलादियो : सांग, उभा राहिलो म्हणून.