बंद गल्लीचा रस्ता झाला

माझं माहेर दिंडोरीकडचं, कमल माझं नाव, बाप दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला होता, मी पण छाटणीला जायची, मग लगीन झालं आन् नाशकात आले. मालक अंबडला कंपनीत. मी या गल्लीत इस्त्रीचं टेबल लावलं, त्याला वीस वर्षं झाली असतील, जास्तच. गल्ली तवा बंद होती, शेवटाला भिंत, पलीकडं हायवे. काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात बाया रस्त्यावरच खाटा टाकून कुरडया वाळवायच्या, लय शांतता.

भिंतीजवळचं शेवटचं घर जाधवबाईंचं. शाळेत शिकवायच्या, रिटायर झालेल्या, एकट्याच. त्यांच्या कंपाउंडला लागून माझं टेबल. दुपारचा चहा आमचा संगंच व्हायचा, माझ्या पोरीला दहावीला त्यांनीच पास केलं म्हणा ना, रोज घरी बोलवून शिकवायच्या.

तर ती भिंत. मालकांची कंपनीची बस हायवेवर यायची, भिंतीमुळं लांबून वळसा पडायचा, त्यात त्यांचे गुडघे गेलेले. लोक म्हणले भिंत पाडून रस्ता काढा असा महापालिकेला अर्ज करू. सह्या कोण आणणार, तर कमल, तिला सगळी घरं माहीत. मी हौसेनं फिरले, खोटं कशाला बोलू, मला वाटलं येणारं-जाणारं वाढलं तर कपडे पण वाढतील. सगळ्यांनी सह्या केल्या, बाई नाय म्हणल्या. म्हणल्या, कमल, मला दमा आहे, मोकळ्या हवेसाठी तर मी या टोकाला घर घेतलं. मी म्हणले, बाई, अशा कितीक गाड्या जाणार हायेत, काय होत नाय. दोन दिवस मागं लागले. शेवटी म्हणल्या, तू म्हणतेस म्हणून करते. आन् केली सही.

भिंत पडली. पहिल्या महिन्यात मालक खूश, मी खूश. मग लोकांच्या मोबाइलातल्या नकाशात हा रस्ता दिसायला लागला, हायवे तुंबला की सगळं इकडंच, टेम्पो, शाळेच्या व्हॅना, कांद्याचे ट्रक सुदीक. इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टावर काजळी बसायची, परत धुवायला लागायचा. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, दुपारचा चहा बंद झाला, वाफेचं मशीन आलं घरात. मी आवाज ऐकायची त्या मशीनचा, कंपाउंडच्या अलीकडून.

एकदा सकाळी त्यांनी आतनं गेट वाजवलं, बोलताच येईना, ओठ निळे. मी रिक्षात घातलं आन् गल्लीतनंच रिक्षा हालंना. म्होरं ट्रक, मागं व्हॅन, सगळे हॉर्न मारतायत. मी उतरून गाड्यांच्या बोनेटवर हात आपटत पुढं चालले, अहो सरका, माणूस जातंय, सरका. बाई रिक्षातून माझ्याकडं बघत होत्या. ते बघणं अजून जात नाय डोळ्यांपुढनं.

वाचल्या. डॉक्टर म्हणले, त्या रस्त्यावर राहायचं नाय. पुतणी विंचूरकडं मळ्यात राहती, ती न्यायला आली. निघताना बाईंनी माझा हात धरला आन् म्हणल्या, कमल, तू होतीस म्हणून मी वाचले. मला बोलायचं होतं, बाई, माझ्यामुळंच झालं हे. पिशवी तेवढी गाडीत ठेवली. गाडी गेली.

मी महापालिकेत जाऊन आले दोनदा, जड गाड्या तरी बंद करा म्हणून. साहेब म्हणले, मावशी, रस्ता तुम्हीच मागितला होता ना.

आता मालक घरीच असतात, कंपनी सुटली. मला पण खोकला हाय, पदर नाकाला लावून इस्त्री करते. रविवारी बाईंचा फोन येतो. मागल्या रविवारी म्हणल्या, कमल, इथं सगळं बरं आहे गं, पण मन लागत नाही, आता कमी झाल्या असतील ना गाड्या, येऊ का परत? इकडं त्यांचं घर बंद हाय, मला पण टेबलापाशी दिवसभर बोलायला कोणी नाय, जीव लय म्हणत होता या म्हणावं. मी म्हणले, नका येऊ बाई. गाड्या वाढल्यात. आन् ती सही मी मागायला नको होती. त्या म्हणल्या, जेवलीस का?

सुखी राहू देत त्या तिकडं.