कोळंबीचं पाणी

नाही नाही, तमिळ कशाला – राणोजी असं नाव सांगितलंत ना आत्ता? मग आपल्यातलेच तुम्ही. बसा तंबी, धाकटे भाऊच तुम्ही, बसा. दुकानातून टाकीचं पाणी तपासायला माणूस येणार, एवढंच वेंकट सांगून गेला, मराठी बोलणारा येणार हे कुठे सांगितलं? सांगेल कसा, त्यालाच धड येत नाही – मुलगा माझा, पण माझ्याशी तमिळ बोलतो, आणि नात इंग्लिश. घरात मराठीला माझी बायको गोदा आणि मी. गोदाला हल्ली ऐकू कमी येतं. म्हणजे मी एकटाच म्हणा. तो आवाज ना? तीच आत घासते आहे काहीतरी. घासू दे.

तर ही टाकी. बघा काय झालं आहे. इथे हिरवं प्रवाळ होतं, वाऱ्यावर भाताचं रोप हलावं तसं हलायचं. आता? पांढरं, हाडासारखं. गोगलगायी एकेक करून उलट्या पडल्या. तीन कोळंब्या होत्या, लाल अंगावर पांढरा पट्टा – त्यातली एक राहिली, त्या दगडाखाली, मिश्या दिसतात का? मासा मात्र मजेत. लबाड नारंगी. खातो, फिरतो, मला बघून तोंड उघडतो. मग पाणी वाईट कसं? वाईट पाण्यात मासा जगेल? हे विचारलं तर वेंकट म्हणतो, अप्पा, तुम्हाला कळत नाही. नाही कळत, बरं. पाचवीपर्यंत शिकलो मी. पण मैलापुरात गाण्याच्या सभेत गाणाऱ्यांना मंचावर पाणी नेऊन द्यायचं काम केलं आयुष्यभर – कुणाला कोमट, कुणाला मिऱ्याचं – एकाचा गळा बसला नाही माझ्या पाण्याने. पाणी मला कळत नाही म्हणे.

आणि वेंकटला तरी काय कळतं? बाटल्या आणतो, थेंब टाकतो, सगळे आकडे बरोबर म्हणतो – आकडे बरोबर आणि जीव मरतात! मग म्हणतो तुमची सांब्राणी बंद करा. केली. शुक्रवारी धुपाचा धूर नाही घरात, गोदा रुसली. मग म्हणतो डासांचा फवारा नको. बंद. रात्रभर अंग खाजवत बसतो आम्ही दोघं. समुद्र इथून चालत जाण्यासारखा, आणि हा पिशवीतलं मीठ कालवून समुद्र करतो! एकदा मी तिरुवल्लिकेणीपाशी जाऊन किनाऱ्यावरून कॅन भरून आणला, खांदा दुखेपर्यंत – ह्याने ओतून दिला गटारात. घाण पाणी म्हणे. समुद्र घाण, मी घाण, सांब्राणी घाण.

आता म्हणतो, ही कोळंबीही गेली तर रविवारी टाकी काढायची, इथे कपाट ठेवायचं. कपाट! तंबी, आमच्या खोलीत नात, नित्या, येते ती कुणासाठी? माझ्यासाठी? कॉलेजातून आली की त्या स्टुलावर बसते, कोळंबी शोधते, आणि शोधता शोधता एखादं वाक्य माझ्या वाट्याला येतं. काल म्हणाली, तात्ता, ती लपली. मराठीत! 'लपली' – लहानपणी गोदाबरोबर लपाछपी खेळायची, तेव्हाचा शब्द, इतकी वर्षं कुठे जपला होता कोण जाणे. कपाट बघायला येईल का ती?

काय? धातू? टाकीत धातू कुठला – काच, दगड, प्लास्टिकचा पंप. खिळासुद्धा नाही. वरचं पाणी? ते माझं काम. रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, मग साधं पाणी घालून त्या रेघेपर्यंत आणायचं. वेंकटने वेगळं फिल्टर लावलं आहे त्यासाठी. पण त्या पाण्याला चव नाही हो. जिभेवर ठेवून बघितलं मी. मेलेलं पाणी. ते त्या एवढ्याशा जिवांना कसं घालू? म्हणून – वेंकटला बोलू नका – रात्री ते मी गोदाच्या कळशीत ओतून ठेवतो. तांब्याची कळशी, लग्नात तंजावरहून आलेली. सकाळपर्यंत जीव येतो पाण्यात. आम्ही दोघं तेच पितो, देवाला तेच. मरगळली दिसली ना कोळंबी, की मी टाकीतलं थोडं काढून हे जास्त घालतो. आणि गोदा – बोटं वाकली आहेत तिची, तरी रोज चिंच लावून घासते. कोळंब्यांचं पाणी आहे, चकचकीत पाहिजे म्हणते.

हात का थांबला तुमचा?

त्या बाटलीत काय टाकलंत? रंग बदलला तो – वेंकटच्या बाटल्यांत नव्हता हा रंग.

तांबं.

नाही, पण आम्ही पितो ना ते. रोज पितो. मासा – मासा सोसतो. सरी, बरं. कोळंबी नाही सोसत. गोगलगाय नाही. प्रवाळ नाही. आणि ते उडून जात नाही, मिठासारखं साचतं. चिंचेने घासलेल्या भांड्यातून अजूनच उतरतं... अय्यो. मरगळली की जास्त घालायचो मी. तुम्ही ऐकलंत ना आत्ता, जास्त घालायचो म्हणालो ते.

हळू बोला. ऐकू कमी येतं तिला, पण नेमकं नको ते ऐकते.

वाचेल ही? तुमच्या दुकानातल्या पाण्यात? मग न्या. आत्ताच न्या, डबा आहे ना – सांभाळून, मिश्या मोडतील – हं. केवढीशी आहे. वेंकटला काय सांगायचं ते सांगा, माझं नाव सांगा, म्हाताऱ्याने केलं म्हणा. कळशीचंही सांगा, माझीच म्हणा. चिंचेचं तेवढं नको.

नित्या येईल आता. तिला सांगेन, लपली.

कॉफी पुन्हा कधीतरी, या तुम्ही. दार हळू ओढून घ्या. कळशीच घासते आहे ती आत – ते संपायच्या आत जा.