साक्षीदाराची सही

— काय विचारायचं ते उद्या विचार गं. वर्ग रिकामा झाला, मला हे बंद करू दे.

— पडद्यावरचं ते चौथं पान राहू द्या, मॅडम. त्याच्याबद्दलच बोलायचंय.

— संमतीपत्राबद्दल? तासभर तेच तर शिकवलं. पानोपानी सही, तारीख, साक्षीदार. इतकं चोख संमतीपत्र शोधून सापडणार नाही. नव्या औषधाच्या चाचणीत त्या बाईंच्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली, तरी तक्रारीचा चकार शब्द नाही.

— त्या बाई म्हणजे माझी आई.

— काहीतरीच! नाव झाकलंय मी.

— सही नाही झाकलीत. आई आधी वरची रेघ ओढते, मग तिला अक्षरं टांगते. अक्षरं संपली तरी रेघ आपली पुढे जातेच. आणि खाली साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी.

(मॅडम पडद्याजवळ जाऊन बघतात.)

— म्हणजे आईला घेऊन आलेली ती मुलगी... तू?

— वय विचारलंत. आठवड्यापूर्वी अठरा पूर्ण झाली म्हटल्यावर केवढ्या खूश झालात! मला वाटलं, माझं कौतुकच करताय. तुम्हाला सज्ञान साक्षीदार हवा होता.

— हे बघ, बाळ, कागद तुझ्या हातात दिला होता. तूच आईला वाचून दाखवत होतीस.

— तीन पानं. चौथं उलटलं तर म्हणालात, ‘हे नेहमीचंच असतं, बाहेर रांग लागलीय.’ अर्ध्या लोकांना नुसतीच गोळी देणार, हे त्याच पानावर होतं. मला आज कळलं. ते पण वर्गात, साठ जणांबरोबर.

— त्या दिवशी खरंच खूप पेशंट होते गं. उगीच राईचा पर्वत करू नकोस.

— तिची संधिवाताची जुनी औषधं बंद केलीत ना? सहा महिन्यांत बोटं वाकली. आता कपाची दांडी धरता येत नाही तिला. हा पर्वत नाही?

— नवं औषध तिला मिळालं असतं तरी बोटं वाकली नसतीच, असं कुणी सांगू शकत नाही.

— हेच तेव्हा सांगायचं होतं! तुम्ही म्हणालात, ‘नवीन औषध आहे, नशीबवान आहात.’ अख्खं घर तुमच्या शब्दावर विसंबलं. मी तुमच्याकडे बघून इथे शिकायला आले, मॅडम. केसाने गळा कापलात. आणि माझ्याच हातून.

— असं बोलू नकोस. मला... मला खरंच वाईट वाटतंय.

— आई काय म्हणते माहितीये? मावशीच्या घरी राहिली तेव्हा तीन गोळ्या चुकल्या तिच्या. म्हणून गुण आला नाही म्हणते. ‘डॉक्टरबाईंनी एवढं चांगलं औषध दिलं, मीच करंटी.’ दोन वर्षं स्वतःलाच बोल लावतेय.

— तिला कुणी कळवलं नाही? चाचणी संपल्यावर पत्र पाठवायचं असतं.

— कुणी म्हणजे कोण, मॅडम? सही तुमची आहे.

— ...हो. माझीच आहे. तिला तू सांगशील का, हळूहळू?

— नाही. तुम्ही सांगायचं. घरी येऊन.

— येते. उद्याच येते. पण ती माझ्याशी बोलेल का गं?

— बोलेल की. तुम्ही घरी आलात म्हणून हरखून जाईल, त्या तसल्या हातांनी चहा करायला उठेल. मला तेच बघवणार नाही.